चिडाच्या धुराची बिअर

कोंबड्यांनी तोंड लावलं नाही, तेव्हा गुनवोरने तो दाणा स्वतःच्या दाढेखाली घेतला.

माळ्याची फळी कुजली होती. सामान हलवणं भाग होतं, म्हणून ते पिंप तिने त्या सकाळी खाली आणलं आणि पहारीने झाकण उचकटलं. आत मोड आणून धुरावर सुकवलेला सातू होता, बिअरला लागतं ते माल्ट. तिच्या नवऱ्याने, टोरलाइव्हने, भट्टीघर जळालं त्या दिवशी आगीतून ओढून आणलेलं. त्यानंतर त्याने पिंपाला हात लावला नाही, आणि तो गेल्यावर तिनेही नाही. टाकून देण्यापेक्षा मुक्या जिवांच्या मुखी जाऊ दे, असं म्हणून तिने मूठभर अंगणात फेकलं. कोंबड्या धावत आल्या, दोनचार दाणे टोचले, चोची बर्फावर पुसल्या आणि पाठ फिरवून चालत्या झाल्या.

दाणा फुटला. आधी धूर लागला. तो लागणारच, ट्रॉन्डेलागच्या या दरीत माल्ट धुरावरच सुकतं. पण त्या धुराच्या मागून आणखी काहीतरी आलं. कडू, चिकट, टाळूला धरून बसणारं. उन्हाळ्यात बोटींच्या तळाला डांबर फासतात तेव्हा धक्क्यावर सुटतो, तो वास. गुनवोरने दुसरा दाणा चावला. मग पिंपात कोपरापर्यंत हात घालून तळातला एक काढला, तो चावला.

चीड.

भट्टीत चिडाचं लाकूड जाळत नाहीत. इथल्या शेंबड्या पोरालाही हे सांगावं लागत नाही. भट्टीला आल्डरचं लाकूड, दुसरं काही नाही. आल्डर निमूट जळतं, गोड धूर देतं. चिडात राळ असते. राळ तडतडते, ठिणग्या उडवते, जाळ एकदम वर झेपावतो, आणि वर भोकाभोकांच्या फळ्यांवर धान्य पसरलेलं असतं. ते सुकत आलं की चिडाची एक ठिणगी पुरे.

आणि भट्टीघर जळालं त्या पहाटे राखणीला टोरलाइव्हचा मित्र आर्नफिन होता. एकटाच.

गुनवोर अंगणात उभी राहिली. पायांतल्या बुटांत बर्फ वितळून पाणी झालं तरी तिला कळलं नाही.

ते भट्टीघर टोरलाइव्हने स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. नदीतले दगड वाहून आणून भिंती रचल्या. धान्य भिजवायला दूध संघाने भंगारात काढलेली टाकी आणली. फळ्या अ‍ॅस्पनच्या, बिनराळेच्या लाकडाच्या, त्याही स्वतः रंधलेल्या. विकत आणले ते फक्त खिळे, आणि तेही जुने सापडले तर ठोकून सरळ करायचे. सगळ्या वस्तीने मिळून वापरायचं ते भट्टीघर होतं. पाळीपाळीने ज्याची राखण त्याने लाकूड आणायचं, रात्रभर जाळ राखायचा, धान्य परतत राहायचं.

आग विझल्यावर मंडळी राखेत उभी होती, तेव्हा आर्नफिन सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाला होता, "धुराड्यात खोट होती. पण टोरलाइव्हला कुणी बोलू नका. माणूस आहे, चुकतो."

कुणीच बोललं नाही. बोलले असते तर टोरलाइव्ह भांडला तरी असता.

तो आगीत शिरला होता, जमेल तेवढं माल्ट वाचवायला. छाती महिन्याभरात सुधारली, पण नाक गेलं ते गेलंच. कॉफी आणि गोठा त्याला एकच झाले. जेवणाच्या टेबलावर सुरीच्या टोकाने तो मेणकापडावर धुराड्याच्या रेघा ओढत बसायचा आणि विचारायचा, "इथलं वळण जरा उभं घ्यायला हवं होतं का गं?" घड्याळं, दुधाची यंत्रं, बर्फावर घसरत जायच्या पट्ट्यांचे तुटके बंद, सगळं त्याच्याकडे दुरुस्तीला यायचं. ते त्याने बंद केलं. हातोडी गोठ्यात टांगली ती टांगलीच. शेवटच्या आजारात त्याने गुनवोरचा हात धरला आणि म्हणाला, "दगड मीच रचले होते."

हे सगळं आठवताना तिला मध्येच दुसरं एक आठवलं. दर नाताळात आर्नफिन, आगीनंतर त्याने बांधलेल्या नव्या भट्टीच्या माल्टची बिअर बाटलीत घेऊन यायचा. टोरलाइव्हच्या समोर बसायचा. "काय मित्रा, धूर कसा लागतोय यंदा?" टोरलाइव्हला काही लागत नसे. लाजेपोटी तो म्हणायचा, "छान आहे." आर्नफिन मान डोलवायचा. गुनवोरला तेव्हा वाटायचं, बघा, नाव टाकलं नाही याने, मैत्री ठेवली.

नाक परत आलं नाही ना, याची तो दरवर्षी खात्री करून जात होता.

गुनवोरचा एक नेम होता. संध्याकाळचं जेवण झालं की मेणबत्ती लावायची, हात जोडायचे, लहानपणी आईने शिकवलेली प्रार्थना म्हणायची. टोरलाइव्ह गेला त्या संध्याकाळीही तो मोडला नव्हता. दाणा चावला त्या दिवशी तिने प्रार्थना सुरू केली आणि मधल्या ओळीशी अडली. अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ. ओठ हलेनात. देवासमोर खोटं कसं बोलायचं? तिने ती ओळ सोडली आणि पुढचं म्हटलं. दुसऱ्या दिवशीही सोडली. नेम मोडला नाही, पण त्याला भोक पडलं.

मग ती नव्या भट्टीघरात गेली.

ते आर्नफिनच्या जागेत होतं. दारावरच्या फळीवर त्याचं नाव कोरलेलं. आत तो बाकावर बसून होता, आणि शेजारच्या मळ्यावरचा स्टाइनार धान्य परतत होता. स्टाइनार मोजकं बोलणारा, टोरलाइव्हचा जुना सोबती.

"अगं गुनवोर! कोंबड्यांना दाणे हवेत का?" आर्नफिनने विचारलं.

"नाही. यंदा नाताळची बिअर घालते म्हणतेय. थोडं माल्ट दे."

"तू?" आर्नफिन हसला. "शिकलीस कुणाकडून? टोरलाइव्हकडून? धुराडं सोडून बाकी सगळं यायचं म्हणा त्याला."

स्टाइनारचं फावडं क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू लागलं.

"पाहून पाहून येतं," गुनवोर म्हणाली. "थॉमसच्या दिवशी वाडग्याला येऊ का मी?"

संत थॉमसच्या दिवशी, नाताळच्या तोंडावर, वस्तीतली सगळी बिअर तयार असावी लागते. भट्टीघरात मंडळी जमतात, एकेकाच्या घरची बिअर एकाच थोरल्या लाकडी वाडग्यातून फिरते. पहिला घोट भट्टीच्या मुख्याचा. आणि जो पितो त्याने काय लागलं ते तिथल्या तिथे सांगायचं.

"ये की," आर्नफिन म्हणाला. "नवशिक्यांना आम्ही फार छळत नाही. फक्त वाडग्यावर कुणी खोटं बोलत नाही, एवढं ठाऊक आहे ना? पाणचट असेल तर पाणचट म्हणणार. नंतर रडायचं नाही."

"तेवढंच हवंय मला," ती म्हणाली आणि पिशवी पुढे केली.

विरजणासाठी ती हाल्दिस म्हातारीकडे गेली. दह्याला विरजण, तसं बिअरला यीस्ट. आणि या दरीत ते दुकानातून आणत नाहीत. हाल्दिसच्या घरातलं तिच्या पणजीपासून चालत आलेलं. नव्वदीकडे झुकलेली ही बाई बिअरचा एक घोट घेऊन धान्य डोंगराच्या कुठल्या उतारावरचं ते सांगायची, आणि तिच्या जिभेपुढे आर्नफिनसुद्धा वाद घालत नसे.

हाल्दिसने तळघरातून बरणी काढून दिली, पण हातातून सोडली नाही.

"रागाने घातलेली बिअर आंबते, पोरी."

"मी रागात नाही, आजी."

"हो? मग विरजण मागताना माझ्याकडे का बघत नाहीस?"

गुनवोरने वर पाहिलं. हाल्दिसने तिचा चेहरा बराच वेळ वाचला.

"राग नाही खरा," म्हातारी शेवटी म्हणाली. "राग गरम असतो. हे काहीतरी गार झालेलं आहे. जा. आणि विरजण घालताना ओरड, चांगली बेंबीच्या देठापासून. गप्प घातलेलं विरजण झोपून राहतं. तुझा आवाज तर तुझ्या मांजरालाही ऐकू जात नाही."

गुनवोरने दोन्ही माल्ट मिसळली. नुसतं जुनं चाललं नसतं. फार वर्षं पडलेल्या दाण्याचा जोर गेलेला असतो, त्याला जागं करायला ताजा दाणा लागतो. तेव्हा निम्मं आर्नफिनच्या नव्या भट्टीतलं आणि निम्मं आर्नफिनने जाळलेल्या भट्टीतलं. टोरलाइव्हने केलेलं लाकडी घंगाळ तिने घासून घेतलं, तळाशी जुनिपरच्या वासाळ झुडपाच्या डहाळ्या अंथरल्या, वर दाणे, त्यावर जुनिपर घालून उकळलेलं पाणी. झाकून ठेवलं. दुपारी खालची खुंटी सैल केली तेव्हा रस सुतासारखा बारीक धारेने उतरू लागला, काळपट, मधासारखा दाट. पहिल्या उतारातली जड बिअर फक्त नाताळची. दुसऱ्यांदा पाणी घालून निघते ती पातळ, रोजची. गुनवोरने दुसरं पाणी घातलंच नाही.

रस उकळून मग दूध कोमट होतं इतका निवू दिला. तिने करंगळी बुडवून पाहिली आणि विरजण ओतलं. ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणं तिच्यात नव्हतं. ती घंगाळावर वाकली आणि हळूच एक नाव घेतलं. टोरलाइव्हचं नव्हे.

मग टोरलाइव्हचा लोकरी कोट आणून तिने घंगाळावर पांघरला. सकाळी कोट फेसाने उचलला होता. आत काहीतरी श्वास घेत असल्यासारखा तो वरखाली होत होता.

थॉमसच्या दिवशी दुपारीच अंधार पडला होता. भट्टीघरात कंदील लावलेले, बाकांवर वस्तीतली घरोघरची मंडळी, मध्ये सुकवलेलं मटण आणि पातळ भाकरी. वाडगा फिरत होता. कुणाच्या बिअरला जुनिपर जास्त, कुणाची लवकर काढलेली. स्टाइनारच्या बिअरला हाल्दिस म्हणाली, "तुझ्यासारखीच आहे, चांगली आणि मुकी," आणि सगळे हसले, स्टाइनारही.

गुनवोरची पाळी शेवटी आली. तिने कोपऱ्यात आणून ठेवलेल्या जुन्या माल्टच्या पिंपाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिने आपल्या बिअरने वाडगा भरला, दोन्ही हातांनी उचलून आर्नफिनपुढे धरला.

"घे. मुख्याचा मान."

"बघू या आमच्या नव्या गड्याचं काय आहे ते." आर्नफिनने मोठा घोट घेतला.

गुनवोर त्याच्या गळ्याकडे पाहत होती. घोट मध्यावर थांबला. त्याने डोळे मिटले नाहीत, पण त्यांच्यातलं काहीतरी मिटलं. मग त्याने तो गिळला. खूप वेळ लागला गिळायला.

"काय लागलं?" तिने विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच, मांजरालाही ऐकू न जाणारा. पण भट्टीघर शांत होतं.

"जुनिपर," आर्नफिन म्हणाला. "जुनिपर जास्त झालंय. डहाळ्या जून होत्या तुझ्या. बाकी ठीक आहे." त्याने वाडगा बाकाखाली ठेवायला हात नेला. "उशीर झालाय, चला, आता जेवून घेऊ."

"फिरू दे की," गुनवोर म्हणाली. "सगळ्यांची फिरली."

तिने वाडगा त्याच्या हातातून घेतला आणि स्टाइनारला दिला. स्टाइनारने घोट घेतला, ओठ चाटले, कपाळाला आठ्या घातल्या. "बोट," तो म्हणाला. "डांबर लावलेली बोट." त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "राळ आहे ही." तिच्या नवऱ्याने नुसती मान हलवली आणि "चीड" म्हणाला. वाडगा फिरत गेला आणि तोच शब्द वाडग्याबरोबर फिरत गेला. हाल्दिसच्या हातात आला तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. तिने थोडीशी जिभेवर घेतली, तोंडात फिरवली, गिळली आणि आर्नफिनकडे पाहिलं.

"चीड. डोळे बांधून सांगेन. तुला जुनिपर कुठे लागलं, आर्नफिन?"

आर्नफिनने भाकरीचा तुकडा तोडला.

"माल्ट कुणी सुकवलं हे, गुनवोर?" हाल्दिसने विचारलं.

"आर्नफिनने."

"मी नाही," तो म्हणाला. "मी तुला आल्डरचं दिलं. स्टाइनार साक्षीला आहे."

"ते निम्मं," गुनवोर म्हणाली. "उरलेलं निम्मं या पिंपातलं."

स्टाइनार उठला. कंदील घेऊन पिंपापाशी गेला, झाकणावर हात फिरवला, कडेचा जळका डाग पाहिला. "हे मीच उचललं होतं टोरलाइव्हबरोबर," तो म्हणाला. "आग लागली त्या दिवशी. झाकणही मीच ठोकलं, त्याचे हात भाजले होते." एवढं सलग बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. त्याने मूठभर दाणे काढून हाल्दिसच्या ओंजळीत ठेवले.

"अरे, घर जळालं, त्याचा धूर लागला असेल," आर्नफिन म्हणाला. "लाकडाचंच होतं ना ते."

"भिंती दगडाच्या," गुनवोर म्हणाली. "फळ्या अ‍ॅस्पनच्या. त्याने चिडाची एक काडी आत येऊ दिली नव्हती. रंधताना तू समोर बसून हसायचास त्याला."

हाल्दिसने दाणे कढत पाण्यात चोळून धुतले, मग एक चावला. दात थोडेच उरले होते, तिला वेळ लागला. "वाळल्या दाण्याला धूर वरून बसतो, धुतला की जातो," ती म्हणाली. "ओल्या दाण्यात शिरतो. हा गाभ्यापर्यंत शिरलाय."

म्हणजे काय, ते कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. दाणा ओला होता, जाळ नुकताच पेटला होता, तेव्हापासून भट्टीत चीड होतं.

"शेवटी शेवटी चिडाची एखादी मोळी घातली असेल मी," आर्नफिन म्हणाला. "आल्डर संपत आलं होतं."

"वाडग्यावर हे दुसरं खोटं," हाल्दिस म्हणाली.

मग आर्नफिनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तोडलंच नव्हतं," तो म्हणाला. "वसंतात आल्डर तोडून वाळवायचं, ते मी तोडलंच नव्हतं. पाळी आली तेव्हा सांगायची लाज वाटली. आरागिरणीवर चिडाचे तुकडे पडले होते. वाटलं, जाळ बारीक ठेवला तर कुणाला कळतंय." त्याने वर पाहिलं. "एवढीच गोष्ट. एवढ्याशा गोष्टीचं इतकं होईल असं कुणाला वाटतं का?"

"इतकं होताना तू पाहिलंस," गुनवोर म्हणाली. "दर नाताळात येऊन पाहिलंस. धूर कसा लागतोय, विचारलंस. ज्याला नाक नाही त्याला."

"गुनवोर, मी..."

"तो मला म्हणाला, दगड मीच रचले होते. ते म्हणून गेला तो."

आर्नफिनने तोंड पुसलं. "मी काय करू आता? सांग. तू म्हणशील ते करतो. माफी मागतो."

तिने वाडगा पुन्हा भरला. काठोकाठ. त्याच्यापुढे धरला.

"पाहुणीचा वाडगा भरलेला परत पाठवत नाहीत," ती म्हणाली. "रिकामा करून दे."

त्याने मंडळींकडे पाहिलं. कुणीही त्याच्या नजरेला नजर दिली नाही. त्याने वाडगा घेतला आणि प्यायला. ती बिअर हळूहळू चाखायची, घोटाघोटाने, नाताळभर पुरवायची असते. त्याने ती सगळी प्यायली. मध्ये दोनदा थांबला, दोन्ही वेळा गुनवोर वाडग्याखाली हात धरून उभी राहिली, जसं आजाऱ्याला औषध पाजताना धरतात. दाढीवरून राळेचा वास गळत होता.

वाडगा रिकामा झाल्यावर तिने तो पदराने पुसावा तसा एप्रनने पुसला.

"झालं?" आर्नफिनने विचारलं. डोळे लाल झाले होते.

"यंदाचं झालं," ती म्हणाली. "पिंपात अजून आहे. पुढच्या थॉमसला आणीन."

"किती वर्षं?"

"दाणा आहे तोवर."

स्टाइनार आर्नफिनपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. आर्नफिनने कंबरेची भट्टीघराची किल्ली सोडली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. मग मंडळी उठली, एकेक जण आपापलं भांडं घेऊन बाहेर पडला. दारातून जाताना प्रत्येकाने मान वर करून कोरलेल्या फळीकडे पाहिलं.

हाल्दिस गुनवोरच्या खांद्याचा आधार घेऊन बर्फातून चालत होती. स्टाइनार मागून पिंप ओढत आणत होता.

"आंबली नव्हती बिअर," म्हातारी म्हणाली. "आंबायला हवी होती. इतकी स्वच्छ उतरलेली मी बऱ्याच दिवसांत प्यायले नाही." थोडं पुढे जाऊन ती थांबली. "ते उरलेलं माल्ट नदीत ओत, पोरी. त्याला पुरे झालं. दाणा संपायच्या आधी तुलाच पुरे होईल."

तिने म्हातारीला तिच्या दारापर्यंत पोचवलं, पायरीवरचा बर्फ बुटाने बाजूला केला, आणि घरी आली.

तिने कोंबड्यांना ताजा दाणा घातला. बटाटे उकडले, मासा गरम केला, जेवली. टोरलाइव्हची हातोडी गोठ्यातून आणून तिने चुलीशेजारच्या खिळ्यावर टांगली. मग मेणबत्ती लावली, हात जोडले आणि प्रार्थना म्हणू लागली. मधल्या त्या ओळीशी आली आणि थांबली.

नेम पाळणारी बाई होती ती. देव वाट पाहतोय, हे तिला ठाऊक होतं. तिने डोळे उघडून कोपऱ्यात पाहिलं. स्टाइनारने पिंप चुलीजवळ ठेवलं होतं, आणि माळ्यावरच्या ओलीपेक्षा ही जागा कितीतरी चांगली होती. दाणा कोरडा राहिला की वर्षानुवर्षं टिकतो.

तिने ओळ सोडली आणि पुढचं म्हटलं.